मोतीरामचं धोतर

“हे नोको घेऊ,” म्हणत तानुबाईनं सुनेच्या हातातलं धोतर जवळजवळ हिसकावलंच.

“जुनंच त हाये, आत्याबाई,” शालूबाई म्हणाली. “गोधडीच्या मधल्या थराले चालीन म्हनलं.”

“मोतीरामचं हाये ते. जित्या मानसाच्या कपड्याले कात्री लावतेत का?”

शालूबाईनं मान खाली घातली. परगावी गेलेल्या माणसाचे कपडे कापायचे नाहीत, हे त्या गावात लहान पोरींनाही ठाऊक होतं. तो परत येईपर्यंत ते घडी करून ठेवायचे. मेल्याची खात्री झाली, तरच त्यांची गोधडी.

सासू-सुनेची दुपार गोधडीवरच जायची. भाकरी-कालवण उरकलं, ढोरांना पाणी दाखवलं की ओसरीत जुनी लुगडी अंथरायची, एकीनं या टोकाला बसायचं, दुसरीनं त्या. घरात गोधड्यांची चळत आढ्याला टेकायला आली होती, तरी तानुबाईचा हात थांबत नसे.

“एवढ्या पांघरवतं कोनाले?” तिचे यजमान उकंडराव चिडवायचे.

“तुमाले. तोंडासकट,” ती म्हणायची.

पण लेक घरातून गेल्यापासून त्या दुपारी पूर्वीसारख्या निवांत राहिल्या नव्हत्या. मोतीराम अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला गेला आणि मागोमाग मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. घरोघर माणसं गेली. त्याचा निरोप येईनासा झाला. उकंडराव अकोल्याला जाऊन चौकशी करून आले, तेव्हा तो काम सोडून गेला एवढंच कळलं. कुठं गेला, आहे की नाही, कोणाला सांगता येईना.

शालूबाई रोज सकाळी कुंकू लावी आणि लावताना तिचा हात अडखळे. पदरात मूल नाही, माहेरी कोणी उरलेलं नाही, आणि आपण सवाशीण की विधवा हेही माहीत नाही. कशातच जीव लागत नव्हता तिचा.

अशात पिंपळगाव राजा या गावच्या पंजाबरावांकडून शालूबाईशी पाट लावण्याची, दुसऱ्या लग्नाची, विचारणा आली. त्यांची बायको साथीतच गेली होती. माणूस शांत, शेती बरी. उकंडरावांनी मध्यस्थाला दारातूनच परतवून लावलं.

“माहा पोरगा जिता हाये!” ते गरजले. “जित्याच्या बायकोचा पाट लावू का मी? सून म्हातारी होईन, पन याच घरात राहीन!”

आत शालूबाई सुईत दोरा ओवत होती. तो काही ओवला जाईना. तानुबाईनं सुई घेऊन ओवून दिला.

“त्यायच्या घरी दोन लहान लेकरं हायेत म्हन्ते,” शालूबाई हळूच म्हणाली आणि लगेच टाक्यावर वाकली.

तानुबाईला पोरीची दया आली, नवऱ्याचा रागही आला.

तुळशीचं लग्न झाल्यावर तानुबाई भाच्याच्या लग्नासाठी माहेरी मुर्तिजापूरला गेली. उकंडरावांनी स्वतः नांदुऱ्याला नेऊन तिला रेल्वेत बसवून दिलं. परत आली ती वेगळीच बाई. लग्नात कोण आलं, पंगतीला काय होतं, एक अक्षर नाही. गोधडीवर बसायची, उठायची, दारापर्यंत जाऊन यायची. तिच्या टाक्याचं गावात नाव, पण आता टाके वाकडे पडू लागले. ती उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची.

“आत्याबाई, काई दुखते का तुमचं?”

“काई नाई दुखत. तू आपला टाका पाह्य.”

एका दुपारी तिनं पेटीतून मोतीरामचं धोतर काढलं, मांडीवर पसरलं आणि मधोमध कात्री चालवली.

शालूबाईनं हंबरडा फोडला. गोठ्यातून उकंडराव धावत आले. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, धोतराच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं आणि ते जागीच बसले.

“कुठी समजलं?” त्यांनी विचारलं.

“मुर्तिजापुरात.”

“मानमोडीनंच का?”

“मले काई नोका इचारू,” तानुबाई म्हणाली. “झालं ते झालं.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खुद्द आईनं धोतर कापल्यावर विचारायचं काय राहतं? देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून नदीवर जाळला. शालूबाईच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. तेरवी झाली. तानुबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बाईचं दुःख आत जाऊन बसलं, असं शेजारणी म्हणाल्या.

धोतराचे तुकडे घालून तिनं गोधडी पुरी केली. उकंडराव तीच पांघरून भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्यांना तसं पाहिलं की तिला घरात थांबवत नसे. अंगणात जाई, परत येई, काही सांगायचं असल्यासारखी त्यांच्या उशाशी उभी राही आणि तशीच वळे.

उन्हाळ्यात पंजाबरावांकडून पुन्हा विचारणा झाली. या खेपेला उकंडरावांनी स्वतःच होकार दिला. पाट लागला. निघताना शालूबाई सासूच्या गळ्यात पडली.

“तुमाले सोडून जाववत नाई, आत्याबाई.”

“जाय, बाई. लेकरं वाट पाहून राह्यली असतीन. मांगं पाहू नोको.”

शालूबाई सुखात आहे असं पिंपळगावहून कळलं, तेव्हा तानुबाई चार दिवस माहेरी जाते म्हणून पुन्हा मुर्तिजापूरला निघाली. स्टेशनात उतरल्यावर मात्र ती भावाच्या घराकडे वळली नाही. तिथल्या जिनामागच्या मजुरांच्या खोल्यांपाशी गेली.

एका दारात एक तरुण बाई लेकराला तेल चोळत बसली होती. तानुबाईला पाहताच तिनं आत हाक मारली. लेकरानं तेवढ्यात हात पुढे केले. तानुबाईचेही हात पुढे गेले, पण तिनं ते मागे घेतले.

आतून एक माणूस बाहेर आला. तानुबाईनं त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

“आता गावाकडं येऊ नोको, मोतीराम,” ती म्हणाली. “तुह्या तेरवीले सारं गाव जेवून गेलं.”