स्लॅबचं घर

दारातून आत शिरताना हितेश वाकला, तेव्हा त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या आधी आत गेलेल्या तिघांची डोकी चौकटीवर आपटली होती. हितेश मात्र बोलता बोलता वाकला, आत गेला आणि नेमका जिथे सरळ व्हायचं तिथे सरळ झाला. मागून येणाऱ्या दीपालीने ते पाहिलं.

पालघरहून मनोरकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी जुन्या खेड्याचं संग्रहालय आहे. उघड्या माळावर सात-आठ घरं उभी केली आहेत, कुंभाराचं, कोळ्याचं, लोहाराचं. हे शेवटचं, डोंगरातल्या आदिवासी कुटुंबाचं. बाहेर पाटी होती, ‘शंभर वर्षांपूर्वीचे घर.’ आत मातीने लिंपलेले कारवीच्या काठ्यांचे कूड, प्लॅस्टरची बाई जात्याशी बसलेली.

दोघं एकमेकांना बघायला आली होती. घरच्यांच्या घोळक्यात नको, बाहेर कुठेतरी भेटू, असं दीपालीनेच कळवलं होतं. ती बोईसरच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायची. सुईला कोण घाबरणार, हे तिला माणूस खुर्चीत बसायच्या आधी समजायचं. त्यामुळे नवरा आपण पारखून घेऊ, याची तिला खात्री होती. हितेश तारापूरच्या कारखान्यात मशीनवर होता. त्याच्या एकनाथमामाने दीपालीच्या वडिलांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नोकरी कायम, व्यसन नाही, घर स्लॅबचं.

मार्गदर्शक मुलगी, जागृती, धान्याचा कणगा दाखवत होती. हितेशच्या हातात दोन तिकिटं होती. ऐकता ऐकता त्याचा हात उजवीकडे वर गेला आणि कुडाच्या न लिंपलेल्या फटीत त्याने ती तिकिटं खोचून टाकली. घरी लाइटचं बिल, औषधाची चिठ्ठी, सगळं जसं खोचतात, तसं. जागृती म्हणाली, सर, भिंतीला हात लावू नका. हितेश दचकला, तिकिटं काढून खिशात घातली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दीपाली बाहेर अंगणात येऊन ओट्यावर बसली. तोही आला, थोडं अंतर ठेवून बसला. संग्रहालय चांगलं आहे, माहितीपूर्ण आहे, असं काहीतरी म्हणाला. सकाळपासून तो असंच पुस्तकातलं बोलत होता.

“तुमचं घर स्लॅबचं हाय, असं आमच्याकडं सांगितलंय,” दीपाली म्हणाली.

“हो. म्हणजे, काम सुरू आहे.”

शीर सापडेपर्यंत घाई करायची नसते, हे तिला माहीत होतं. समोर मुंबईहून आलेली माणसं बैलगाडीपाशी फोटो काढत होती. हितेशने एक काडी उचलली, मोडली, परत मोडली.

“स्लॅब नाय,” तो शेवटी म्हणाला. “कुडाचं हाय. हेच्यासारकंच.”

मग तो घडाघडा बोलला. मामाने परस्पर सांगितलं होतं. त्याला कळलं तेव्हा बोलणी पुढे गेली होती. स्टँडवर भेटल्याबरोबर सांगायचं ठरवलं होतं, मग तिकीट काढताना सांगायचं ठरवलं होतं. ती दिवसभर एसीत काम करते, ऐकून उठून जाईल, असं त्याला वाटलं होतं.

दीपालीला राग आला. कुडाच्या घराचा नाही, तिच्या आजोळचं घर तसलंच होतं. तिला राग आला तो त्याच्या लाजेचा. स्वतःच्या घराची लाज वाटणारा माणूस उद्या बायकोचीही लाज धरील. उठावं आणि चारची एसटी धरावी, असं तिने मनाशी ठरवलंही.

तेवढ्यात आतली मंडळी जागृतीसोबत बाहेर आली. कपाळ चोळत एका गृहस्थाने विचारलं, अशा घरात आता कुणी राहतं का? जागृतीने पाठ केलेलं उत्तर दिलं, “नाही सर. ही घरं आता फक्त इथेच बघायला मिळतात.”

“राहतात,” हितेश म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो उभा राहिला होता. हातातली काडी त्याने टाकली.

“माजी आई राहते. आमी चौगं राहतो. आन् तुमी चूल दारासमोर मांडलीय, ती चुकलीय. वारा आला का सगळा धूर घरात फिरंल. चूल मागच्या कुडाशी असते.”

जागृतीचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिने वहीचं कोरं पान काढलं आणि विचारलं, आत येऊन दाखवता का? हितेश आत गेला. चूल कुठे, पाण्याची मडकी कुठे, कोंबड्या रात्री कुठे, तो एकेक सांगू लागला. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, मोठा, घरातल्यासारखा. फोटो काढणारी माणसंही येऊन दारात उभी राहिली. दीपाली ओट्यावरून उठली नाही. चारची गाडी फाट्यावरून गेली, तिचा हॉर्नही तिने ऐकला.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, घामेजलेला. तिच्यासमोर उभा राहिला.

“घर शाकारता कधी?” दीपालीने विचारलं.

“मे महिन्यात. पावसाच्या आदी.”

“माणसं किती लागतात?”

“सात-आठ. पण मिळत नाईत. सगळी कामाला भायेर जातात.”

दीपालीने ओढणी सारखी केली आणि उठली.

“मग लगीन एप्रिलात धरा,” ती म्हणाली. “आन् आमच्या बाबांशी तुमीच बोला. मामांना नका धाडू.”