भामाची पेटी

सुकापूरला आमच्या परसात मधमाश्यांची एक जुनी पेटी होती. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोने, भामाने ठेवलेली. भामा जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे रोज सकाळी त्या पेटीला कान लावून बसायचे आणि गालात हसायचे. माझ्या बोलण्यावर चार वर्षांत एकदाही तसे हसले नाहीत.

शेवटी मी पनवेलहून नवी पेटी आणली. हे कामावरून यायच्या आत जुन्या पेटीतली पोळी कापून काढली, केळीच्या सोपटाने नव्या चौकटींना बांधली, राणीमाशी ओंजळीने आत सोडली. तिच्यामागे सगळ्या माश्या गेल्या. एक तेवढी माझ्या डाव्या तळव्याला डसली. हात पदराखाली घेतला, कोणाला सांगितलं नाही.

जुनी पेटी घासूनपुसून परसातच पालथी घातली. आत माशीचा पंखसुद्धा उरला नव्हता.

सकाळी नवी पेटी नुसती घुमत होती. यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पालथ्या पेटीपाशी उकिडवे बसले, कान लावला, आणि हसले.

"रिकामी हाय ती," मी म्हणाले. "काय आयकताव?"

"गप ऱ्हा जरा. बोलते ती."

यांना बाजूला सारून मीही कान लावला. काही नव्हतं. साधी कुजबुजही नाही.

यांनी पुन्हा कान टेकला. बराच वेळ मान डोलवत राहिले. मग डोळे न उघडताच म्हणाले,

"रंजिता, तुजा डावा हात लय सुजला का, इचारते."