घाटावरची हसरी मुलगी

"ओता माय, ओता. कवीची तहान मोठी असते," घाटावरच्या देवळाच्या पायरीवर बसलेला म्हातारा म्हणाला. हिराइसाने घागर कलती करून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तिने त्याला ओळखलं होतं.

तरुणपणी याच घाटावर तिची घागर वाहून गेली, तेव्हा ती खळखळून हसली होती. वाटसरू म्हणून आलेल्या या कवीने त्या हसण्यावर ओव्या रचल्या आणि त्या गावोगाव पोचल्या. परक्या पुरुषासमोर हसलेली ती मुलगी मग कोणी सून म्हणून नेली नाही.

"ती घाटावरची मुलगी आहे का हो अजून गावात?" तो तिच्याकडेच बघत म्हणाला. "सुखात आहे ना ती?"

तिने घागर सरळ केली. "त्याच वर्षी लग्न झालं तिचं. भरलं घर आहे. धाकटी लेक तर तुमच्या ओव्या फार गोड म्हणते."

"चला, जिवाला घोर होता," म्हणत त्याने तोंड पुसलं.

घरी येऊन तिने कडी काढली. आत कोणी नव्हतं. चुलीपाशी बसून जन्मात पहिल्यांदाच ती त्या ओव्या म्हणू लागली, धाकटीने म्हटल्या असत्या तशा.