टिकटिक

घरीच शिकणारी माझी लेक गणितं मागे कुत्रं लागल्यासारखी उरकायची. घाईत सोळाचे एकसष्ट व्हायचे. "जरा दमानं घे," मी बजावायची आणि शेजारी स्वयंपाकघरातला टायमर लावून ठेवायची. तिच्या सुतारमामानं उरलेल्या लाकडाचे त्रिकोण आणि एक ट्रे पाठवला. एकही फट न ठेवता त्रिकोणांनी तो ट्रे भरायचा. फोनवर त्यानं विचारलं, "ही टिकटिक कसली गं, ताई?" "घड्याळाची," मी थाप मारली आणि टायमर फडक्यात गुंडाळून कपाटात कोंबला. आज ती ट्रे घेऊन शांत बसली होती. तुकडा उचलायची, फिरवून बघायची, अलगद बसवायची. माझा जीव भांड्यात पडला. तिचे ओठ हलत होते. "तुकडे मोजतेस होय?" मी कौतुकानं विचारलं. "नाही, सेकंद," मान न उचलता ती म्हणाली. "तुझा टायमर हरवलाय ना, म्हणून मीच मोजतेय. बोलू नकोस, आई. माझं चुकेल."