बनूबाईचा धवला

फीत तिसऱ्यांदा अडकली तेव्हा भारतीने पेन्सिल घेतली आणि कॅसेट हातानेच फिरवायला सुरुवात केली.

"तुटंल," समोरच्या स्टुलावरून हिंदुराव म्हणाले.

"नाही तुटत, आजोबा. सोमवारपासून हेच म्हणताय."

"मंग तू बी सोमवारपास्नं हेच करतेस ना?"

भारती हसली, पण दमून. कॅम्प पाचमधलं तिचं दुकान पहिल्या मजल्यावर. खाली जीन्स शिवायची मशीनं दिवसभर घरघरत. आधी ती लग्नाच्या शूटिंगला गाणी जोडायची, आता लोकांच्या जुन्या कॅसेटी साफ करून द्यायची. शिकवलं कोणी नव्हतं. बिघडवत बिघडवत शिकली. हल्ली तर घरी कुकरची शिट्टी झाली तरी तिला वाटायचं, ही जरा कमी करता आली तर बरं.

ही कॅसेट मोरिवली गावची. हिंदुरावांची बायको बनूबाई धवलारीण होती, लग्नाच्या विधींना धवले गाणारी. गावातल्या हळदी तिच्या धवल्याशिवाय लागत नसत. मुलगा मिलिंद चार वर्षांचा असताना ती गेली. मागे राहिला हा एक धवला. मिलिंद तो ऐकत झोपायचा, पुढे त्याची मुलगी कीर्तीही. उद्या कीर्तीची हळद होती आणि मिलिंदने दुसरी धवलारीण सांगायला साफ नकार दिला होता. माझ्या पोरीला माझी आईच हळद लावेल, म्हणाला.

"तो गाण्यामागचा भोंगा तेवढा काढ," हिंदुरावांनी पुन्हा बजावलं. "बनूच्या आवाजाला हात लावू नको."

"आवाजालाच तर साफ करायचंय."

"खरखर असू दे. आम्हाला सवय हाय तिची."

म्हाताऱ्यांचं असंच असतं, भारतीला वाटलं. माणूस गेलेलं सोसतात, खरखर गेलेली सोसवत नाही. तिने मान हलवली आणि तरीही खरखर काढली. मग घूं घूं काढलं. बनूबाईचा बारीक, घाईघाईचा आवाज स्वच्छ झाला. चांगला होता, पण कुठेतरी खटकत होता. जणू बाईला स्वयंपाक करपायची भीती होती.

आणि तो भोंगा. मोरिवलीच्या कंपनीचा. भारतीचे वडील तिथेच कामाला होते, तो भोंगा ऐकून तिची आई भात टाकायची. तो या कॅसेटमधल्यासारखा, शिट्टीसारखा कधीच नव्हता. चांगला म्हशीसारखा हंबरायचा.

तिने बाहेर जिन्यात जाऊन कीर्तीला फोन लावला.

"तुमच्या कंपनीचा भोंगा अजून वाजतो का गं?"

"वाजतो ना ताई, डोकं खातो. का?"

"दुपारचा वाजला की मोबाइलवर घेऊन पाठव."

"आजोबांना सांगू नका, ते त्या भोंग्यावर जाम वैतागतात. तीस वर्षं वायरमन होते तिथे."

दुपारी भोंगा आला. भारतीने हेडफोन घालून दोन्ही भोंगे शेजारी लावून ऐकले. कॅसेटमधला फारच वर चढलेला. म्हणजे रेकॉर्ड करताना टेपचे सेल उतरलेले असणार. तेव्हा फीत हळू फिरली, आणि आता नीट मशीनवर धावतेय. साधा दोष. बिचारी बनूबाई इतकी वर्षं उगाच पळत होती.

"सापडलं, आजोबा! वेग चुकलाय. आता खरी आजी ऐकवते तुम्हाला."

हिंदुराव उठून उभे राहिले. "वेग नको."

"पाच मिनिटं फक्त."

"नको म्हणतो ना! गेलेल्या माणसाला कशाला ओढतेस?"

"ओढत नाही हो. थांबवतेय जरा. दमली असेल ती."

हिंदुराव परत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. भारतीला वाईट वाटलं. पण उद्या अख्खं गाव ऐकणार होतं, आणि अर्धवट काम तिच्याने होत नसे. तिने स्पीकर चालू केला आणि वेग हळूहळू खाली आणला.

भोंगा उतरला. अजून थोडा. आता हंबरला, बरोब्बर मोबाइलमधल्यासारखा. त्याच्या बरोबरीने धवला उतरला, लांबला, शांत झाला. एका ओळीनंतर श्वास घ्यायला थांबला, आणि दुकानात भरून राहिला तो आवाज बाईचा नव्हता.

भारतीचा हात माउसवर तसाच राहिला. तिने वर पाहायचं टाळलं.

खालून, मशीनच्या घरघरीतून कीर्तीची हाक आली, "आजोबा, चुडा मिळाला! ताई, आजी तयार झाली का?" आणि जिन्यावर चपला वाजू लागल्या.

हिंदुरावांनी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मला परत बनू कर, पोरी," ते म्हणाले. "लवकर."