सशाला ओलांडायचं नाही

पोटरीत गोळा आला आणि औषधवाला "आई गं!" म्हणत रस्त्याच्या कडेला मटकन बसला. तळ्याच्या दुसऱ्या फेरीतलं पहिलं वळण नुकतंच मागे पडलं होतं. मागून येणारी त्याची लेक थबकली.

"थांबतेस काय? जा!" तो ओरडला. "माझं काय बघतेस, वेळ जातोय!"

लेक क्षणभर घुटमळली. मग गेली.

झालं! औषधवाल्याने कपाळाला हात लावला. निवड स्पर्धेला नाव द्यायचा आज शेवटचा दिवस. पात्रतेच्या वेळेत तळ्याच्या दोन फेऱ्या झाल्या तर नाव द्यायचं, नाहीतर पळणं बंद करून दुकानात बसायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं. म्हणजे बापाने ठरवलं होतं आणि लेकीने मान डोलावली होती. दोन वर्षं पोरगी त्या वेळेच्या अगदी जवळ यायची आणि तिथेच अडायची.

का अडायची, याचं उत्तर औषधवाल्याकडे तयार होतं. गोळ्या विकून विकून आपल्याला शरीरातलं सगळं कळतं असा त्याचा समज होता, आणि फुकट सल्ला घेणाऱ्या गिऱ्हाइकांनी तो चांगलाच पोसला होता. "माणसाच्या वेगाला मर्यादा असते," खोकल्याचं औषध देता देताही तो सांगायचा. "फुप्फुस हवा घेऊन घेऊन किती घेणार? काळीज रक्त ढकलून ढकलून किती ढकलणार? आमच्या पोरीची मर्यादा आली बघा." गिऱ्हाईक खोकत खोकत हो म्हणायचं.

तसं त्याने लेकीसाठी काही कमी केलं नव्हतं. पुढे राहून वेग धरून देणाऱ्याला पळणारी मंडळी ससा म्हणतात. दुसरा ससा कुठून आणणार? म्हणून या वयात हा स्वतःच ससा झाला. पिवळा बनियन, कपाळाला पट्टी आणि पोट... पोटाचं जाऊ द्या. पहिल्याच दिवशी त्याने नियम घालून दिला होता, "सशाला ओलांडायचं नाही. ओलांडलं की ताल गेला." पोरगी गुणाची. कायम एक पाऊल मागे राहिली. फिरायला येणारे लोक म्हणायचे, "वा! या वयात पोरीला हरवता!" त्यावर तो "छे हो, कसलं काय" म्हणायचा आणि दिवसभर दुकानात शीळ घालत बसायचा.

आता पोटरी चोळत तो तळ्यापलीकडे बघत होता. पलीकडच्या काठावर झाडांमधून एक ठिपका भरभर सरकत होता. "सायकलवाला दिसतोय," तो पुटपुटला. लेक काही दिसेना. ससा नाही म्हटल्यावर ताल गेला असणार, बसली असेल कुठेतरी रडत. त्याला भडभडून आलं. माझ्या एका पोटरीपायी पोरीचं वाटोळं झालं!

शेवटी पेपरवाल्याच्या सायकलीवर मागे बसून, पाय लोंबकळत ठेवून, ससा परत आला. नावा बांधतात तिथे, जिथून फेरी सुरू व्हायची, बायको स्टॉपवॉच घेऊन उभी होती. लेक पायरीवर बसून केळं खात होती. तिचे बूटही काढून झाले होते.

"अर्ध्यातून फिरलीस ना?" तो जड आवाजात म्हणाला. "असू दे. रडू नकोस."

रडायचं तिच्या मनातही नव्हतं.

"पुऱ्या दोन फेऱ्या मारल्यात तिने," बायको म्हणाली आणि स्टॉपवॉच त्याच्या हातात दिलं. त्याने ते बघितलं, हलवलं, कानालाही लावलं. पोरगी पात्रतेच्या वेळेआधी चांगली मिनिटभर पोचली होती.

"बिघडलंय हे."

"काही बिघडलेलं नाही, अहो."

औषधवाला लेकीकडे वळला. "मग दोन वर्षं काय करत होतीस?"

लेक ओशाळली. केळ्याच्या सालीशी चाळा करत म्हणाली, "तुमच्या मागे पळत होते. ओलांडायचं नाही म्हणाला होतात ना?"

"अगं, पण सांगायचंस तरी!"

"कसं सांगणार, बाबा? तुम्ही इतके खूश असायचात." मग साल बाजूला ठेवत ती म्हणाली, "खरा ससा अर्ध्यावर बाजूला होतो म्हणतात. मला वाटायचं, आज ना उद्या तुम्हीही व्हाल."

हे त्यालाही ठाऊक होतं. सशांबद्दल सापडेल ते त्याने वाचलं होतं. तेवढं एक वाक्य त्याला आवडलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं. त्याला लाज वाटली, हसूही आलं, आणि डोळे भरून आले ते वेगळंच. बायको पाठमोरी होऊन तळं बघत होती, पण तिचे खांदे गदगदा हलत होते. रडत नव्हती ती, नक्कीच नव्हती.

त्याने कपाळाची पट्टी सोडून खिशात कोंबली. "जा, नाव देऊन ये," तो लेकीला म्हणाला. "एकटी जा. माझ्याबरोबर आलीस तर उशीर होईल."

दुपारी खोकल्याचं नेहमीचं गिऱ्हाईक दुकानात आलं. लंगडणारा औषधवाला बघून त्याला चेव आला. "काय हो, माणसाच्या वेगाची मर्यादा सापडली की नाही?"

"सापडली की," बाटली पुढे करत औषधवाला म्हणाला. "दोन वर्षं पिवळा बनियन घालून पोरीच्या पुढ्यात पळत होती."