लॅपटॉपवरचा कौल

आमच्या सुमंगलावहिनीनं काजू रंगवले, की माकडं खिडकीशी येऊन भांडतात. खोटं वाटत असेल तर डिचोलीत विचारा. पण चित्रं तिनं कधी घराबाहेर जाऊ दिली नाहीत. लेकीनं, गौरवीनं, कुणालाही आपलं चित्रप्रदर्शन ऑनलाइन मांडता येईल असं वेबअ‍ॅप तयार केलं आणि पहिलं दालन आईचं सजवलं. बटण दाबायचं तेवढं उरलं. "देवाचो कौल घेतल्याबगर नाका!" वहिनी अडली. तिनं लॅपटॉपवर देवाचा फोटो उघडून दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर चित्रं कायमची पेटीत. डावी घसरू लागली. "वहिनी, देव नाही म्हणतोय," मी डिवचलं. गौरवीचे डोळे भरले. इतक्यात वहिनीनंच अंगठ्यानं ती पाकळी दाबून धरली. "ही देवान न्हय, पंख्यान हालयली. बंद कर तो!" आणि उजवीवर तिनं हळूच फुंकर घातली.